वरच्या पंखांचं विमान वाचायचं ते दारापासून

तुझे प्रश्न चार आहेत. घरी बांधायच्या विमानांची किट विकणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकन कंपनीने आजवर विकलेली सगळी किट खालच्या पंखांची, मग येऊ घातलेल्या आरव्ही-१५ चे पंख डोक्यावर का गेले? त्या पंखांना खालून टेकू, म्हणजे स्ट्रट, कशाला? (‘काका, साठ वर्षं जुनं वाटतं हो,’ हे तुझे शब्द.) शेपटीचा आडवा भाग आख्खाच्या आख्खा हलतो, हे बरं की वाईट? आणि सिएटलच्या घरी गॅरेज रिकामं केलंयस, तर आरव्ही-१४ चं किट मागवून मोकळा होऊ की थांबू? काका म्हटलंस म्हणून अरेतुरे करतो.

माझी पात्रता एवढीच. नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात सांगाड्याच्या खात्यात उमेदवारी केली. तिथले आमचे उस्ताद पुष्पकवर उडायला शिकलेले. पुष्पक म्हणजे १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, एचएएलचं म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, नव्वद अश्वशक्तीचं, कापडाने मढवलेलं आणि वरच्याच पंखांचं विमान. पुढची तीस वर्षं अमेरिकेत छोट्या विमानतळांवर विमानांचा पत्रा दुरुस्त करण्यात गेली. आणि शनिवार-रविवार धरून सात वर्षांत घरी एक किट बांधलं, तेही खालच्या पंखांचं. त्यामुळे माझा पक्ष कुठलाच नाही. खालच्या पंखांवर चढून बसायची मला सवय आहे आणि वरच्या पंखांच्या कडेवर कपाळ आपटायचीही.

आरव्ही-१५ चा पहिला नमुना २०२२ च्या उन्हाळ्यात ऑरेगनमध्ये उडाला आणि जुलैत ऑशकॉशच्या मोठ्या विमान-मेळ्यात येऊन उभा राहिला. पूर्ण धातूचा, शेपटीखाली चाक असलेला, पुढे लायकमिंगचं आयओ-३९० इंजिन, २१५ अश्वशक्तीचं. दोरीभोवती ही गर्दी. निम्मे लोक इंजिनाकडे बघत होते, निम्मे पंखांच्या टोकाकडे. मी दाराकडे बघत होतो. वरच्या पंखांच्या विमानात आराखडा करणाऱ्याची झोप उडवणारी जागा तीच, आणि तुझ्या चारपैकी तीन प्रश्नांचा रस्ताही तिथूनच जातो.

घरी एक प्रयोग कर. तेलाचा किंवा बिस्किटांचा रिकामा, झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा घे. दोन्ही टोकं धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघ. हलत नाही. आता कात्रीने त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या काप आणि पुन्हा पीळ. हातात कचकन वाकेल. विमानाचा धड-भाग हा असाच डबा आहे. पातळ पत्रा सगळीकडून बंद असतो तोवर तो जबरदस्त पीळ सोसतो, आणि ज्या क्षणी माणसांना आत बसवायला दारं कापता त्या क्षणी डब्याचा डबेपणा जातो. खालच्या पंखांच्या आरव्हीत ही अडचण सोडवलेली आहे. पंख, स्पार (पंखातली मुख्य तुळई) आणि आसनं सगळं खालच्या अर्ध्या डब्यात, आणि वर नुसती काचेची टोपी. टोपी मागे सरकवली काय आणि उघडली काय, ताकदीला काही होत नाही.

पंख वर नेले की चित्र उलटं होतं. विमानाचं सगळं वजन आता छताला लटकलेलं असतं. त्या छताला खालच्या डब्याशी जोडणारं काय? दाराचे चार खांब. पुढच्या खांबाच्या वरच्या टोकाला पंखाचा स्पार. त्याच खांबाच्या पायथ्याशी स्ट्रटचं खालचं टोक. आणि शेपटीखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाकांचे पायही तिथूनच जवळ, कारण ते गुरुत्वमध्याच्या पुढे असावे लागतात. म्हणजे हवेत पंख ओढतात ती जागा आणि जमिनीवर चाकं हाणतात ती जागा एकमेकींपासून हातभरावर. शिवाय त्याच खांबाच्या बाजूने तू रोज बूट घासत आत चढणार.

हे पुस्तकी वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०२० साली सेस्ना कंपनीच्या १७२, १८२, २०६ अशा स्ट्रटवाल्या मॉडेलांसाठी आदेश काढला होता: पुढच्या दाराच्या खांबाचा खालचा भाग, स्ट्रट जिथे जोडलेला असतो ती जागा, भेगांसाठी तपासा. १७२ हे जगात सगळ्यांत जास्त बनलेलं विमान, चव्वेचाळीस हजारांवर, १९५६ पासून लोक त्यात शिकताहेत. तरी भेग शेवटी खांबाच्या पायथ्याशीच सापडली. दुसरी गोष्ट माझ्या बाकड्यावरची. वरच्या पंखांचं एक जुनं विमान आलं, शिकाऊ पोराने ते दोनदा जोरात आपटलेलं. मालकाची तक्रार एवढीच की डावं दार लावताना थोडं उचलावं लागतं. बिजागरी ठीक, कडी ठीक. गालिचा उचलला, खाली वीस वर्षांची माती. ब्रशने माती काढली, आरसा आणि दहापट भिंग लावून बघितलं, तर खांबाच्या पायथ्याच्या वाकणीत नखाएवढी काळी रेघ. लाल रंग ओतून पुसला, पांढरी पूड मारली, दहा मिनिटांत रेघ लाल होऊन वर आली. दार जड लागत होतं कारण चौकट आपला आकार सोडत होती.

म्हणून कुठलंही वरच्या पंखांचं किट बघताना मी आधी विचारतो: दाराचं काय केलंय? वेगवेगळ्या आराखड्यांची उत्तरं वेगळी. किटफॉक्स आणि बेअरहॉक आख्खा धड-भाग स्टीलच्या नळ्या वेल्ड करून बनवतात. नळ्यांच्या पिंजऱ्यात दार कापलं तरी कर्ण-नळ्या भार दुसरीकडे वळवतात, वर नुसतं कापड. रॅन्सच्या एस-२१ ने मधला रस्ता धरला: माणसं बसतात तिथे स्टीलचा पिंजरा, बाकी ॲल्युमिनियमचा पत्रा. व्हॅन्सची ओळख निव्वळ पत्र्याची, रिव्हेटची. तिथे दाराभोवती जाड चौकटी, वर पंख ते पंख जाणारी भक्कम तुळई, आणि खांबाच्या दोन टोकांना जाडजूड फिटिंग असंच करावं लागतं. वजन तिथे खर्च होतं, आणि करायलाच हवं. त्याच कंपनीच्या चार आसनी आरव्ही-१० ची वर उघडणारी दारं कडी नीट न बसल्याने हवेत उडून गेल्याच्या घटना घडल्या आणि मागून जादा कडी आली, हेही लक्षात ठेव. ते खालच्या पंखांचं विमान, दारावर पंखाचा भार नाही, तरी दाराने त्रास दिलाच.

आता स्ट्रट. तुला ते जुनाट वाटतात, पण थोडं गणित करू. आकडे आरव्ही-१५ चे नाहीत, उदाहरणापुरते घेतलेत. विमान ८०० किलोचं. जोरदार वळणात किंवा झटक्यात भार ३.८ पट होतो असं धर. म्हणजे एकेका पंखावर १,५२० किलोची उचल. ती पंखाच्या मुळापासून साधारण २.२ मीटरवर एकवटलेली मान. स्ट्रट नसेल तर मुळाशी वाकवणारा जोर ३,३४४ किलो-मीटर. मुळाशी स्पारची उंची १८ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या वरच्या पट्टीवर दाब आणि खालच्या पट्टीवर ताण, प्रत्येकी साडेअठरा टन. आणि तेवढं सगळं तुझ्या डोक्यावरून, छतातून, पलीकडच्या पंखाकडे न्यायचं.

आता त्याच २.२ मीटरवर स्ट्रट लाव, त्याचं खालचं टोक १.१ मीटर खाली, दाराच्या खांबाच्या पायथ्याशी. मुळाशी वाकवणारा जोर जवळजवळ शून्य. स्ट्रटमध्ये ताण ३.४ टन, पंखाच्या आतल्या भागात दाब तीन टन. साडेअठराचे तीन झाले. विहिरीवरचा रहाट आडव्या लाकडाच्या एका टोकावर पेलायचा की त्याला तिरका टेकू द्यायचा, एवढाच फरक. फायदा नुसता वजनाचा नाही. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला जे जोड महत्त्वाचे, ते मूठभर बोल्टांवर येतात, आणि ते बोल्ट उघड्यावर असतात. टॉर्च मारला की दिसतात.

स्ट्रट काढून टाकायचा मोह सेस्नालाही झाला होता. १९६७ च्या मॉडेलपासून २१० चे स्ट्रट गेले, त्याच सुमारास १७७ कार्डिनल बिनस्ट्रटची आली. देखणी विमानं, मला आजही आवडतात. पण भार सगळा छतातल्या एका तुळईवर आला. २०१९ साली ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्वेक्षण करणाऱ्या एका टी२१० चा पंख हवेत तुटला, दोघे गेले. तुळईत थकव्याची भेग निघाली. पुढच्या वर्षी अमेरिकेत २१० च्या त्या तुळईच्या तपासणीचा आदेश निघाला, नंतर १७७ साठीही. ती तुळई असते छताच्या अस्तरामागे, घामट हवेत, वर्षानुवर्षं कोणी न बघितलेली.

स्ट्रटची किंमत नाही असं नाही. हवेचा अडथळा वाढतो, विशेषतः दोन्ही टोकांना जिथे स्ट्रट पृष्ठभागाला मिळतो तिथे, म्हणून तिथली गोल आवरणं नीट बसवणं हे कंटाळवाणं काम टाळू नकोस. हवा खाली दाबते तेव्हा ताणाचा दाब होतो आणि लांब सडपातळ स्ट्रट धनुकलीसारखा वाकू बघतो. पायपर कब या जुन्या छोट्या विमानाच्या स्ट्रटच्या मध्याला जे छोटे आडवे टेकू असतात ते त्यासाठीच. आणि स्टीलचे पोकळ स्ट्रट आतून, खालच्या टोकाला, गंजतात. पाणी उतारानेच जाणार. जुन्या पायपरवाल्यांना विचार, स्ट्रटवर टोकदार पंच दाबून गंज तपासणारे तपासनीस त्यांनी पाहिले आहेत.

पण स्ट्रटमध्येच रमलो तर तुझ्या पत्रातली खरी बाब राहून जाईल. तू लिहिलंयस: बायको, तंबू, दोन घडीच्या सायकली, आणि वर्षातून दोनदा आयडाहोचे डोंगरातले गवताळ रनवे. म्हणजे प्रश्न उतरण्याचा आहे. खालच्या पंखांचं विमान गवतावर उतरतं, मीही उतरवतो. पण डोंगरात झुडपं, कुंपणाचे खांब, दगड, सगळं पंखाच्या उंचीवर येतं. पंख वर असला की तो झुडपांवरून जातो, आणि पंखाखाली तंबूही लागतो. पाऊस आला की चौघे पंखाखाली उभे राहून चहा पितात. हे कुठल्या तक्त्यात मोजत नाहीत, पण लोक विमान घेतात ते यासाठीसुद्धा.

छोट्या जागेत उतरायचं तर हळू यावं लागतं. हळू येण्यासाठी पंखाचा उचल-गुणांक, म्हणजे त्याच वेगाला किती उचल मिळते तो आकडा, वाढवायचा, आणि तिथे मोठे, मागे सरकून खाली वाकणारे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या काठाचे पट्टे, कामाला येतात. पुन्हा उदाहरण: ८०० किलो, पंखाचं क्षेत्र १५ चौरस मीटर. साध्या पंखाचा गुणांक १.५ धरला तर समुद्रसपाटीला स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख उचल सोडतो तो, ताशी ८६ किलोमीटर. चांगल्या फ्लॅपने तो २.१ केला तर ७३. तेरा किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण ब्रेकला जिरवावी लागते ती ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि ती २९ टक्क्यांनी कमी झाली.

आता हेच विमान घेऊन आयडाहोतल्या जॉन्सन क्रीकला जा. गवताचा पट्टा, कोणी हजार मीटर लांब, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच. ऑगस्टमधली दुपार, तीस अंश. हवा इतकी विरळ की काट्यावर दिसणाऱ्या त्याच वेगाला जमिनीवरचा खरा वेग बारा टक्के जास्त, म्हणजे ऊर्जा सव्वीस टक्के जास्त. फ्लॅपने २९ टक्के वाचवले, त्यातले बरेचसे डोंगराने परत घेतले. मोठे फ्लॅप ही चैन नाही असं मी म्हणतो ते यामुळे. घरच्या लांब डांबरी धावपट्टीवर त्यांचं महत्त्व कळणार नाही.

याहून हळू यायचं असेल तर झेनिथच्या सीएच ७०१ किंवा ७५० सारखं पंखाच्या पुढच्या काठाला कायमचं स्लॅट, म्हणजे फट ठेवून बसवलेली पट्टी, लाव. विमान अक्षरशः हेलिकॉप्टरसारखं नाक वर करून येतं. पण ते स्लॅट सिएटलपासून आयडाहोपर्यंत सगळा रस्ता हवा अडवत येतात. व्हॅन्सचे संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचा पिंड पहिल्यापासून वेगळा. १९७१ साली उडालेल्या आरव्ही-३ पासून त्यांचा हट्ट एकच: विमान वेगात जावं, हळूही उतरावं, आणि हातात हलकं असावं, एका गुणासाठी दुसरा विकायचा नाही. आज अकरा हजारांवर आरव्ही उडाली आहेत ती त्या हट्टामुळे. वरच्या पंखांत तो हट्ट टिकवायचा म्हणजे पुढे स्लॅट नाही, मागे मोठे फ्लॅप, आणि फ्लॅप वर घेतले की स्वच्छ पंख. डोंगरातल्या स्पर्धेत हे विमान झेनिथकडून हरेल. घरी परतताना जिंकेल. तुझ्यासाठी मला हाच सौदा बरा वाटतो.

मोठ्या फ्लॅपचं देणं शेपटीला भरावं लागतं, आणि इथे तुझा तिसरा प्रश्न येतो. फ्लॅप पूर्ण खाली आले की विमानाचं नाक खाली जाऊ बघतं, शेपटीने त्याला वर धरायचं, तेही सगळ्यांत कमी वेगात, जेव्हा शेपटीची ताकदही सगळ्यांत कमी असते. २०२२ च्या नमुन्यावर आडवी शेपूट पूर्ण हलणारी होती, म्हणजे स्टॅबिलेटर. त्यांच्याच आरव्ही-१२ वरही तीच पद्धत आहे. कमी क्षेत्रात जास्त जोर मिळतो, भाग कमी लागतात, बांधायला सोपं. वाईट बाजू अशी की हाताला जाणवणारा जोर आपोआप येत नाही. तो मागच्या छोट्या पट्टीने, अँटी-सर्वो टॅबने, मुद्दाम आणावा लागतो. टॅबचं प्रमाण चुकलं की पायलटच्या हातातला दांडा एक तर लोण्यासारखा लागतो, नाही तर खुंट्यासारखा.

आणि एक सापळा. कार्डिनलच्या पहिल्या मॉडेलांत उतरताना पायलट दांडा मागे ओढायचा आणि शेपटीचाच स्टॉल व्हायचा. नाक धाडकन खाली, मग घाबरून पुन्हा ओढायचं, असे झोके. सेस्नाने स्टॅबिलेटरच्या पुढच्या काठाला खाचा पाडून हवा वळवली आणि आधी विकलेल्या विमानांनाही ती दुरुस्ती करून दिली. त्यामुळे स्टॅबिलेटर बरा की वाईट हे विचारू नकोस. विचार की पुढचा गुरुत्वमध्य, पूर्ण फ्लॅप आणि इंजिन बंद, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना दांड्यात अजून किती ओढ शिल्लक राहते. चाचणी उडवणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न विचारलास तर तो तुला खुर्ची देईल. आणि विक्रीचं किट येईपर्यंत शेपूट नमुन्यातलीच राहील असं धरून बसू नकोस. नमुना असतो तो बदलण्यासाठीच.

इंधनाचं थोडक्यात. टाक्या वर म्हणजे पेट्रोल गुरुत्वाने खाली येतं, पंप लागत नाही, असं तुला कोणीतरी सांगितलंय. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ते खरं. एक मीटर उंचीवरच्या पेट्रोलचा दाब जेमतेम एक पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) भरतो. आयओ-३९० ला इंजेक्शन आहे, त्याला त्याच्या दहा पटींहून जास्त दाब लागतो, तेव्हा पंप लागणारच. पण दोन्ही टाक्या एकदम सुरू ठेवता येणं हा मोठा दिलासा. खालच्या पंखांत एक टाकी रिकामी झाली की पंप तिथून हवा ओढतो, म्हणून घड्याळ बघून टाकी बदलत राहावी लागते, आणि टाकी बदलायला विसरून भरलेल्या टाकीसकट शेतात उतरलेले लोक दर वर्षी निघतात. उलट बाजूला, वरची टाकी गळली तर पेट्रोल तुझ्या खांद्यावर पडतं. आणि भरताना शिडी लागते. शिडी विमानात नेता येत नाही, हे डोंगरात पोचल्यावर आठवतं.

नजरेचंही तसंच. खाली बघायला वरचे पंख उत्तम, तुझी बायको फोटो काढते म्हणतोस, तिला आवडेल. पण डावीकडे वळताना डावा पंख खाली येतो आणि जिकडे जायचंय तीच दिशा झाकतो. वळण्याआधी पंख जरा उचलून बघण्याची सवय लागेपर्यंत छतात काच असलेली बरी.

आसनांचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. पहिला नमुना दोघांचा आणि मागे भरपूर सामानाचा म्हणून आला, आणि लगेच लोक मागच्या दोन सीटची स्वप्नं बघायला लागले. जागा असणं आणि तिथे माणसं बसवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. हजार किलोच्या विमानात ७५ किलोची दोन माणसं गुरुत्वमध्याच्या एक मीटर मागे बसवली की गुरुत्वमध्य पंधरा सेंटिमीटर मागे सरकतो. अशा विमानांत परवानगीचा पट्टा साधारण वीतभरच असतो. म्हणजे तंबू आणि सायकली घेतल्यास तर मागे पोरं नाहीत, पोरं घेतलीस तर तंबू घरी. कुठल्याही किटचा वजन-काट्याचा कागद हातात आला की पहिल्यांदा हे चार आकडे घालून बघ.

राहता राहिलं थांबायचं की नाही. कंपनीची गोष्ट तुला ठाऊक असेल: लेझरने कापलेल्या छिद्रांभोवती, रिव्हेटसाठी पत्र्याला वाटीसारखा खळगा पाडताना, भेगा जाऊ लागल्या, पुष्कळ भाग बदलून द्यावे लागले, त्यात इतर खर्च वाढले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. त्या काळात नव्या विमानाचं काम मागे पडणं साहजिक होतं. त्यामुळे तारखेवर विसंबून आयुष्य आखू नकोस. अमेरिकेचे २०२५ चे नवे नियम मात्र अशा विमानांच्या बाजूने आहेत. फ्लॅप न वापरता ५९ नॉटच्या (ताशी सुमारे ११० किलोमीटर) आत स्टॉल होणारं, चार आसनांपर्यंतचं विमान आता स्पोर्ट पायलटला, म्हणजे हलक्या विमानांचा सोपा परवाना असलेल्याला, उडवता येतं, सोबत एकच प्रवासी घेऊन. तुम्ही दोघं बसता त्यात.

आरव्ही-१४ ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातं, कसरती करतं, आणि त्याचं किट इतकं घोटलेलं आहे की पत्र्याची बहुतेक छिद्रं अंतिम मापाची येतात. तुझ्या पत्रात कसरत हा शब्द एकदाही नाही आणि तंबू तीनदा आहे. म्हणून मी १४ मागवणार नाही. पण हातही रिकामे ठेवणार नाही. या महिन्यात पत्र्याचा सरावाचा छोटा तुकडा आण, रिव्हेट गन आणि बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन शंभर रिव्हेट मार, त्यातले चाळीस ड्रिल करून काढ. काढणं शिकल्याशिवाय मारणं येत नाही. जवळच्या विमानतळावर बेअरहॉक किंवा रॅन्स कोणी बांधत असेल तर शनिवारी जाऊन त्याला मदत कर, आणि त्याच्या छतात आडवं होऊन डोक्यावर रिव्हेट मारून बघ. वरच्या पंखांच्या धड-भागात ते करावंच लागतं, खालच्या पंखांत मी ते कधी केलं नाही, आणि एका दुपारनंतर मान सांगते तुला ते जमणार आहे की नाही.

उरली एक व्यावहारिक गोष्ट. अर्धा पंख पाच मीटरच्या आसपास येईल, आणि तुझं गॅरेज दोन गाड्यांचं. कपडे धुण्याचं मशीन धरून नाही, ते वगळून आतली खरी लांबी मोज. कर्णही मोज. वर सरकणाऱ्या दाराचा रूळ किती खाली येतो तेही लिही, कारण विमान चाकांवर उभं राहिलं की वरच्या पंखांच्या धड-भागाची उंची तिथेच अडकते. आकडे पाठव, मग बोलू.